थकवा म्हणजे आळस नव्हे

"सून आळशी आहे", "हिला लावणीला उभे राहवत नाही", "बाहेरची बाधा झाली असेल" अशी वाक्ये रत्नागिरी जिल्ह्यातील वाड्यावस्त्यांत फिरताना आम्ही पुष्कळदा ऐकतो. तिचे रक्त तपासले का, असे विचारले की घरात कोणी बोलत नाही. म्हणून आज ग्रंथींच्या विकारांविषयी थोडेसे.

शरीरातील काही ग्रंथी आपला रस सरळ रक्तात सोडतात. या रसाला संप्रेरक किंवा हार्मोन म्हणतात. त्याचे प्रमाण अगदी अल्प, पण ते बिघडले की सारे शरीर बिघडते.

गळ्यात पुढच्या बाजूस फुलपाखराच्या आकाराची थायरॉईड ग्रंथी असते. तिचा रस कमी पडला तर सतत थकवा येतो, थंडी सोसत नाही, वजन वाढते, केस गळतात, पाळी बिघडते, कधी दिवसही राहत नाहीत. रस जास्त झाला तर छाती धडधडते, हात कापतात, भरपूर खाऊनही माणूस वाळत जातो. हा विकार पुरुषांपेक्षा स्त्रियांत कितीतरी पटीने अधिक आढळतो.

याची कारणे काय? एक म्हणजे आहारातील आयोडीनची कमतरता. त्यातून गलगंडही होतो. दुसरे, शरीराची संरक्षक शक्तीच चुकून ग्रंथीवर उलटते. यात कोणाची करणी नाही की कोणाचा दोष नाही.

कोकणात मासळी असताना आयोडीन कसे कमी पडेल, असे काहीजण विचारतात. मासळीत आयोडीन असते हे खरे. पण पावसाळ्यात समुद्रातील मासेमारी बंद असते आणि घाटाच्या पायथ्याच्या गावांत मासळी रोज कुठली? खाण्यासाठी बिनआयोडीनचे मीठ विकण्यास 2006 पासून बंदी आहे. मिठागरातले खडे मीठ मासळी खारवायला ठीक. जेवणात आयोडीनयुक्त मीठच वापरावे व ते झाकून ठेवावे.

गरोदरपणी तर विशेष काळजी हवी. पहिल्या महिन्यांत बाळाच्या मेंदूची वाढ आईच्या थायरॉईड रसावर अवलंबून असते. काही बाळांत जन्मतःच हा रस कमी असतो. पहिल्या दोन आठवड्यांत उपचार सुरू झाले तर मतिमंदत्व टाळता येते.

स्वादुपिंडातील इन्शुलिन कमी पडले किंवा त्याचा परिणाम होईनासा झाला की मधुमेह होतो. पूज्य बाबासाहेबांना हाच विकार होता. 15 एप्रिल 1948 रोजी त्यांचा विवाह डॉ. शारदा कबीर, म्हणजेच माईसाहेब, यांच्याशी झाला. माईसाहेबांचे घराणे राजापूर तालुक्यातील दोर्ले गावचे. त्या स्वतः एम.बी.बी.एस. होत्या, बाबासाहेबांचे औषधपाणी आणि पथ्य त्यांनीच सांभाळले. ज्या महामानवाने आपल्याला विवेक शिकविला, त्यांच्या अनुयायांच्या घरी आजारी लेकीसुनेला भगताकडे नेले जावे, हे शोभणारे नाही.

थायरॉईडचे निदान साध्या रक्ततपासणीने होते. रस कमी असल्यास डॉक्टर गोळी देतात; ती सकाळी उपाशीपोटी घ्यायची व चहा-नाश्ता अर्ध्या तासाने करायचा. बरे वाटले म्हणून गोळी मनाने बंद करू नये. बहुतेकांना ती कायम घ्यावी लागते.

तेव्हा भगिनींनो, थकवा अंगावर काढू नका. आणि बांधवांनो, घरातील स्त्रीला आळशी म्हणण्यापूर्वी तिला सरकारी दवाखान्यात घेऊन चला.