गिनीपिगचे घर : पत्र्याखाली नको, सावलीत हवे

गोठा, शेळ्यांचा वाडा, कोंबड्यांचे खुराडे या विषयांवर पत्रिकेत नेहमीच काही ना काही येत असते. या वेळचा विषय जरा पोरासोरांचा आहे. शहरातल्या बाजारातून मुलांनी हट्टाने आणलेली गिनीपिगची जोडी आता वस्त्यांवरही दिसू लागली आहे. कोणी त्याला पांढरा उंदीर म्हणते, कोणी बिनकानाचा ससा. नावात डुक्कर असले तरी डुकराशी याचे काही नाते नाही. कुरतडणाऱ्या प्राण्यांच्या गणातला, म्हणून उंदराचा लांबचा भाऊबंद म्हणा हवे तर. वजन किलोच्या आतबाहेर, शेपूट नाही, चावत सहसा नाही, आणि वैरणीची चाहूल लागली की शिट्टी मारल्यासारखा ओरडतो. नीट सांभाळले तर पाच ते आठ वर्षे जगतो.

पण बरीच जनावरे पहिला उन्हाळाही काढत नाहीत. मांजराने नेले, असे घरचे सांगतात. कधी ते खरेही असते. आमचे म्हणणे असे, की मांजराआधी पत्राच त्यांचा घात करतो. हा प्राणी मूळचा दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतातला. पेरू देशातले शेतकरी हजारो वर्षांपासून तो घरात, चुलीच्या आसपास पाळत आले आहेत. तिथली हवा थंड आणि कोरडी. गिनीपिगला घाम येत नाही, कुत्र्यासारखी धाप टाकून अंग गार करणेही त्याला नीट जमत नाही. साधारण १८ ते २४ अंश तापमानात तो सुखी असतो. ३० अंशांच्या वर गेले की जिवाशी गाठ. आपल्याकडे वैशाखात पारा चाळिशीला टेकतो, आणि पत्र्याच्या बुटक्या खोक्यात तर बाहेरच्यापेक्षाही जास्त भट्टी पेटलेली असते. दुपारी हात घालून बघा, म्हणजे पटेल.

म्हणून आधी जागा, मग घर. कडुनिंब, आंबा, चिंच असे दाट झाड पश्चिमेला येईल अशी जागा निवडावी. उतरते ऊन सर्वांत वाईट, ते अडले पाहिजे. नारळाखाली नको, कारण सांगायला नको. घराची लांबी पूर्व-पश्चिम ठेवावी, गोठ्याची ठेवतो तशीच. उन्हाळ्यात सूर्य डोक्यावरून जातो, तेव्हा ऊन आत शिरत नाही. थंडीत तो दक्षिणेकडे कलतो, तेव्हा सकाळचे कोवळे ऊन आत येते. पश्चिमेची भिंत विटांची किंवा फळ्यांची, पूर्ण बंद. आपला पाऊस तिकडूनच मारा करतो. उत्तर-दक्षिण बाजू जाळीच्या, म्हणजे वारा खेळता राहील. दक्षिणेच्या जाळीला बारदानाचा पडदा असा लावावा, की पावसात आणि थंडीच्या रात्री खाली सोडता येईल.

छपराला पत्रा घालूच नये असे नाही. पत्रा असेल तर त्याला वरून चुना मारावा आणि त्यावर पाचटाचा वीतभर जाड थर काथ्याने आवळून बांधावा. पाचट आपल्याकडे फुकटचे. (ते पेटवून देण्यापेक्षा असे कुठे लागले तर बरेच!) मात्र शेजारच्या फडात पाचट पेटवणार असतील तर त्या दिवशी जनावरे घरात आणावीत. धुराने त्यांची छाती लगेच भरते, आणि पाचटाच्या छपराला एक ठिणगी पुरे होते. छपराची उंची माणसाला वाकून आत जाता येईल इतकी ठेवावी. गिनीपिगला उंचीचे काही काम नाही, पण जिथे हात पोचत नाही तिथे झाडलोट होत नाही, आणि झाडलोट नाही तिथे रोगराई.

जमीन फूटभर उचलून मुरूम ठोकावा, वर शहाबादी फरशी बसवावी आणि बाहेरच्या बाजूला थोडा ढाळ द्यावा. फरशी उन्हाळ्यात गार राहते, घूस खालून उकरून आत येऊ शकत नाही, आणि धुणे सोपे जाते. तळाला जाळी मात्र कधीही लावू नये. कोंबड्यांच्या पिंजऱ्यावरून कल्पना घेऊन काहीजण तशी लावतात. लेंड्या खाली पडतात, हे खरे. पण गिनीपिगचे तळवे मऊ असतात. जाळीने ते सोलवटतात, सुजतात, आणि मग ती जखम लवकर भरत नाही. दोन जनावरांना निदान चार फूट बाय दोन फूट मोकळी जमीन लागते. आपल्याकडे जागेला काय तोटा? सहा बाय चार केले तर चौघे आरामात राहतील.

जाळीबाबत कंजूषपणा नको. कोंबड्यांची षट्कोनी जाळी मुंगसाला आणि कुत्र्याला तासाभराचे काम. अर्ध्या इंची चौकोनाची, जस्ताचा मुलामा दिलेली वेल्डची जाळी घ्यावी. तिच्यातून मोठा उंदीर येत नाही. उंदीर आला की त्याच्या मागे साप येतो, आणि सापाला गिनीपिगचे पिल्लू म्हणजे एक घास. दाण्याचा डबा त्या घरात ठेवू नये, तोही याच कारणासाठी. दाराला नुसता खिळा वाकवून चालणार नाही, कडी हवी.

आता आतले सामान. हा भित्रा प्राणी आहे. घारीची सावली पडली तरी दडायला धावतो. फुटका माठ किंवा लहान रांजण आडवा टाकला की झाले त्याचे बिऱ्हाड. मातीचे भांडे गार राहते. जितकी जनावरे तितके माठ ठेवावेत, नाहीतर दांडगा नर एकट्याने बळकावून बसतो. पाणी जड मातीच्या थाळीत द्यावे, आणि ते दिवसातून दोनदा बदलावे.

अंथरायला काय घालावे? कारखान्याचे बगॅस चालेल, पण कडकडीत वाळलेले आणि ताजे. ढिगात भिजून काळपट पडलेले, कुबट वास येणारे बगॅस घेऊ नये. त्यातल्या बुरशीची धूळ फुफ्फुसात जाऊन माणसालासुद्धा आजार होतो, त्याला बगॅसोसिस असेच नाव आहे. मग वितीएवढ्या जिवाची काय कथा! पाचट छपरावर ठीक, खाली नको. त्याच्या पात्याची कड धारदार, डोळ्याला लागते. बगॅसचा दोन-तीन इंच थर आणि वर वाळलेले मऊ गवत, हे उत्तम. ओले झालेले रोज काढावे, आठवड्याला सगळे बदलावे. निघालेला माल उकिरड्यात गेला की त्याचे खतच होते.

खाण्यात मुख्य गवत. वाळलेले गवत दिवसभर समोर हवे, कारण दात आयुष्यभर वाढत असतात आणि चघळल्याशिवाय ते झिजत नाहीत. हिरवी हरळी आवडीने खातो. लसूणघासात चुना फार, मोठ्या जनावराला मुतखडा होतो. तो गाभण मादीला आणि पिल्लांना द्यावा. आणि एक गोष्ट रोज लागतेच. माणसाप्रमाणे गिनीपिगच्या अंगातही क जीवनसत्त्व तयार होत नाही. १९०७ साली नॉर्वेत होल्स्ट आणि फ्रोलिख या दोघांनी गिनीपिगला नुसत्या धान्यावर ठेवले, तेव्हा त्यांना माणसासारखाच स्कर्व्ही झाला. तेव्हा भाकरीच्या तुकड्यावर आणि गव्हाच्या दाण्यावर हा जगणार नाही. पेरूची बोटभर फोड, कोथिंबीर, ढोबळी मिरची, शेवग्याचा पाला, यांतले काहीतरी रोज द्यावे. कांदा, लसूण, बटाटा, दूध नको. उसाची कांडी मुले हटकून देतात. ऊस कारखान्याला घाला, गिनीपिगला नको. पोट बिघडते.

आपल्या भागात सर्वांत जपायचे ते तणनाशकाला. उसाच्या बांधावरचे गवत कापून टाकणे हातासरशी होते. पण त्या बांधावर टू-फोर-डी किंवा ॲट्राझीन फवारले असेल, तर ते गवत या छोट्या जनावराच्या दृष्टीने विषाची परीक्षा. फवारणीचा डबा ज्याच्या हातात असतो, तोच गवत कापतो असे नाही. म्हणून परसातला एखादा वाफा फक्त गवताला राखून ठेवावा, आणि तिथे पंप न्यायचा नाही असे घरात सर्वांना सांगून ठेवावे.

एवढे करूनही चैत्र-वैशाखात जनावराच्या उंचीवर एक साधा तापमापक टांगावा. तीस अंशांच्या जवळ गेला की जाळीवर ओले बारदान सोडावे. तेवढ्याने भागले नाही तर अकरा ते पाच टोपलीत घालून घरात, मधल्या खोलीत आणावे. माळवदाचे घर असेल तर प्रश्नच मिटला. गिनीपिग आडवा पडून धापा टाकतोय, तोंडातून लाळ गळतेय, असे दिसले तर ऊन लागले आहे असे समजा. सावलीत घ्या, साध्या पाण्यात भिजवलेले फडके कानांना आणि पायांना लावा. बर्फ नको, माठातल्या गार पाण्यात बुचकळणेही नको, त्या धक्क्यानेच जीव जातो. मग डॉक्टर.

डॉक्टरांना मात्र हे गिनीपिग आहे हे आवर्जून सांगावे. गाईला चालणारे पेनिसिलीन याला चालत नाही, आतड्यातले चांगले जंतू मरून जनावर दगावते. घरात शिल्लक राहिलेली औषधे तर देऊच नयेत.

आणि जोडी आणताना नर-मादी आणू नका, बरं का. दोन माद्या आणा. मादी महिना-दीड महिन्याची झाली की गाभण राहू शकते, दोन-सव्वादोन महिन्यांत दोन ते चार पिल्ले देते, आणि व्यायल्यावर त्याच दिवशी पुन्हा गाभण राहू शकते. पिल्ले अंगावर केस आणि डोळे उघडे घेऊनच येतात, त्यामुळे फार गोजिरवाणी दिसतात, आणि कोणाला देऊन टाकायला पोरे तयार होत नाहीत.