किलोमीटर नको, युनिट मोजा

जुनी पेट्रोल गाडी बघायला गेलं की माणूस बॉनेट उघडतो, इंजिनाचा आवाज ऐकतो, सायलेन्सरचा धूर बघतो, क्लच दाबून पाहतो. इलेक्ट्रिक गाडीत यातलं काहीच नसतं. पाच वर्षं वापरलेली मोटरही नव्यासारखीच शांत फिरते. मग गिऱ्हाईक रंग बघतं, सीट कव्हर बघतं, मीटरवरचे किलोमीटर बघतं आणि ज्याच्यासाठी सगळे पैसे मोजायचे, ती फरशीखालची बॅटरी न बघताच टोकन देऊन येतं.

माझी सगळी नोकरी आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियन ट्रेडच्या पोरांना शिकवण्यात झाली. भाचीला शिरवळला नोकरी लागली, राहायचं साताऱ्यातच ठरलं आणि "मामा, गाडी तुम्हीच बघा" म्हणाली, तेव्हा मी आधी तिचा रस्ता मांडला. एका बाजूचं अंतर साधारण 60 किलोमीटर, म्हणजे रोजचे 120. सकाळी खंबाटकीचा बोगदा ओलांडून उतार, संध्याकाळी घाटाची चढण. उतारावर मोटर थोडी वीज बॅटरीत परत भरते, पण चढण त्याहून जास्त खाते. त्यात पावसाळ्यात वायपर, दिवे, एसी. बजेट सहा लाखांच्या आसपास.

या पैशात जुन्या बाजारात जी नावं समोर येतात, ती थोडीच. एमजीची कॉमेट शहरासाठी सुटसुटीत, पण बॅटरी 17.3 युनिटांची आणि सुरुवातीच्या गाड्यांना फास्ट चार्जिंग नाही. महामार्गावर रोज 120 किलोमीटरला ती नको. टाटाच्या गाड्यांपैकी टियागो ईव्ही 2022 साली आली, 19.2 आणि 24 अशा दोन बॅटऱ्यांत. यातली लहान आमच्या कामाची नव्हती. टिगोर ईव्हीची बॅटरी 26 युनिटांची, आणि 2021 साली ग्लोबल एनकॅपच्या धडक चाचणीत तिला चार तारे मिळाले होते. जानेवारी 2020मध्ये आलेल्या पहिल्या नेक्सॉन ईव्हीची बॅटरी 30.2 युनिटांची. मी मुद्दाम युनिट म्हणतोय: जाहिरातीतला किलोवॅट-अवर म्हणजेच आपल्या वीजबिलातलं एक युनिट. नेक्सॉनचा कागदावरचा पल्ला 312 किलोमीटर. रस्त्यावर दोनशेच धरा, आणि जुन्या गाडीला त्याहून कमी.

आता मुख्य तपासणी. मी बरोबर एक साधं सब-मीटर घेऊन जायचो, भाडेकरूंच्या खोलीला लावतात तसलं. मालकाला आधी फोन करून सांगायचं की गाडी 20 टक्क्यांपर्यंत उतरवून ठेवा. मग त्याच्याच घरच्या 15 अँपिअरच्या सॉकेटला सब-मीटर जोडायचं, त्यातून चार्जर लावायचा आणि रात्रभर गाडी 100 टक्के भरू द्यायची. हिशोब सोपा आहे. नव्या नेक्सॉनच्या बॅटरीत 20 ते 100 टक्के म्हणजे सुमारे 24 युनिटं मावतात. चार्जरमध्ये आणि वायरमध्ये साधारण दहा टक्के वीज उष्णता होऊन जाते, म्हणून मीटरवर 26-27 दिसायला हवीत. एका चकचकीत, कमी चाललेल्या गाडीने 21च घेतली. म्हणजे तीसपैकी जेमतेम 24 युनिटं जागा उरलेली. त्या गाडीत भाची संध्याकाळी घाट चढताना टक्क्यांकडेच बघत बसली असती. दुसरी गाडी तिच्यापेक्षा बरीच जास्त धावलेली, दारावर ओरखडा, पण तिने साडेचोवीस घेतली. आम्ही तीच घेतली.

किलोमीटर कमी आणि बॅटरी थकलेली, हे अनेकांना पटत नाही. पण बॅटरी नुसत्या चालण्याने झिजत नाही. उन्हात, पूर्ण भरलेल्या अवस्थेत दिवसच्या दिवस उभी राहिली तरी ती उतरते. ही चाचणी 100 टक्क्यांपर्यंतच न्यावी, कारण टाटाच्या या गाड्यांतल्या लोह-फॉस्फेट बॅटऱ्यांचा टक्क्यांचा आकडा अधूनमधून पूर्ण भरल्याशिवाय बरोबर दाखवला जात नाही. आणि रात्रभर गाडी लावू द्यायला जो मालक कां-कू करतो, त्याची गाडी मी तरी पुढे बघत नाही.

दुसरं म्हणजे गाडी उचलून खालून बघा. बॅटरीच्या पेटीला दगडाचा मार, पोचा, गंजलेले बोल्ट दिसले तर सोडून द्या. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून पट्ट्यावर गाळाची रेघ आहे का पाहा. 2021च्या महापुरानंतर आपल्या भागात हे बघायलाच हवं. आर.सी. नीट वाचा. हिरव्या पाटीवर पांढरी अक्षरं म्हणजे खासगी गाडी, पिवळी म्हणजे भाड्याची. टॅक्सीची गाडी नंतर खासगी करून विकलेली असू शकते. बॅटरीची वॉरंटी 8 वर्षं किंवा 1,60,000 किलोमीटर, यांतलं जे आधी संपेल ते, आणि ही वर्षं पहिल्या खरेदीपासून मोजली जातात. ती आपल्या नावावर येते का, हे सर्व्हिस सेंटरकडून लेखी घ्या. फॉर्म 29 आणि 30 भरून गाडी नावावर झाली की विमाही 14 दिवसांत नावावर करा. जुन्या मालकाचा नो-क्लेम बोनस आपल्याला मिळत नाही.

खर्चाचं म्हणाल तर 120 किलोमीटरला घरच्या मीटरवर वीसेक युनिटं पडतात. युनिटला दहा रुपये धरले तरी दोनशे रुपये. पेट्रोलला सातशेच्या वर गेले असते. पण ही बचत घरी सॉकेट असेल तरच. रोज बाहेरच्या फास्ट चार्जरवर भरलं तर बरीचशी उडून जाते. म्हणून गाडीच्या आधी पार्किंगमध्ये स्वतंत्र वायर, एमसीबी, अर्थ लीकेजचा ब्रेकर आणि खरं अर्थिंग करून घ्या. आठ तास सलग 15 अँपिअर ओढणं हे मिक्सरच्या पॉइंटचं काम नव्हे. आमच्या घरची अर्थिंगची प्लेट मी स्वतः उभं राहून पुरून घेतली.

नव्या चालकाबद्दल एक काळजी मला खरोखर वाटते. या गाड्या पाय ठेवताच झेपावतात, गिअर बदलण्यात जाणारा क्षणही मिळत नाही, आणि ओल्या रस्त्यावर चाक जागच्या जागी फिरतं. साताऱ्याकडून जाताना बोगद्यानंतरच्या इंग्रजी एससारख्या वळणावर किती अपघात झालेत, ते आमच्याकडे पोरासोरांनाही माहीत आहे. म्हणून भाचीला सांगितलंय की पहिला पावसाळा संपेपर्यंत स्पोर्ट मोडला हात लावायचा नाही आणि चारही टायर नवे घालायचे. टायरचे पैसे मी दिलेत.