गच्चीवरील सौर संच : दरपत्रके पारखताना

घराच्या गच्चीवर पडणाऱ्या उन्हापासून वीज निर्माण करणे ही आता नवलाईची गोष्ट राहिलेली नाही. केंद्र शासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू केलेल्या 'पंतप्रधान सूर्यघर मोफत वीज योजने'खाली देशातील एक कोटी घरांवर असे संच बसविण्याचे उद्दिष्ट ठेवण्यात आले आहे. पहिल्या दोन किलोवॅटसाठी प्रत्येकी ३०,००० रुपये आणि तिसऱ्या किलोवॅटसाठी १८,००० रुपये, असे कमाल ७८,००० रुपये अनुदान या योजनेत मिळते. साहजिकच महाराष्ट्रातील लहानमोठ्या शहरांतून संच बसवून देणाऱ्या विक्रेत्यांची संख्या वाढली असून, एका घराकडे तीन-तीन, चार-चार दरपत्रके येऊन पडू लागली आहेत. अनुदान धरूनही घरातील एक-दीड लाख रुपयांची पुंजी यात गुंतते आणि ती पंचवीस वर्षांच्या भरवशावर गुंतते. असे असूनही बहुतेक घरांत दरपत्रकाच्या शेवटच्या ओळीतील एकूण रक्कम तेवढी पाहिली जाते.

त्या शेवटच्या ओळीवरून कसा चकवा होऊ शकतो, हे पाहण्यासाठी सांगली शहरातील एका दुमजली घराचे उदाहरण कल्पावे. वर्षभराचा वीजवापर ४,२०० युनिट. थंडीत महिन्याला अडीचशेच्या आसपास, तर मे महिन्यात पावणेपाचशेपर्यंत. तिघा विक्रेत्यांनी 'तीन किलोवॅटचा संच' या एकाच नावाने दरपत्रके दिली आहेत. पहिल्याची रक्कम १,६५,००० रुपये, दुसऱ्याची १,९०,००० रुपये आणि तिसऱ्याची १,३२,००० रुपये. घरातील मंडळींचा कौल अर्थातच तिसऱ्याकडे झुकतो.

परंतु तिसऱ्या विक्रेत्याने अनुदानाचे ७८,००० रुपये आधीच वजा करून रक्कम छापली आहे. त्याची खरी किंमत २,१०,००० रुपये, म्हणजे तिघांत सर्वांत अधिक आहे. अनुदान हे संच उभारून, नेट मीटर लागून, तपासणी झाल्यानंतर ग्राहकाच्या बँक खात्यात जमा होते. तोपर्यंत पूर्ण रक्कम ग्राहकालाच उभी करावी लागते, किंवा बँकेचे कर्ज घ्यावे लागते. म्हणून सर्व दरपत्रके प्रथम अनुदानापूर्वीच्या पूर्ण किमतीवर आणून ठेवावीत. त्या किमतीत कर धरला आहे की नाही, तेही पाहावे. २२ सप्टेंबर २०२५ पासून सौर उपकरणांवरील वस्तू व सेवा कर १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. उभारणीसह दिलेल्या संचाच्या किमतीचा ७० टक्के भाग उपकरणांचा व ३० टक्के भाग सेवेचा धरला जात असल्याने आणि सेवेवरील कर १८ टक्केच असल्याने, एकूण कराचा भार १३.८ टक्क्यांवरून ८.९ टक्के झाला आहे. जुन्या दराने छापलेले दरपत्रक कोणी पुढे केले, तर ते परत लिहून मागण्यास संकोच करू नये.

किलोवॅट कशाचे?

आता पहिल्या दरपत्रकाकडे वळू. त्यात ५४५ वॅटची पाच पॅनेल आहेत. पाचांची बेरीज २,७२५ वॅट होते. 'तीन किलोवॅट' हा आकडा विक्रेत्याने इन्व्हर्टरचा दिला आहे. दुसऱ्या दरपत्रकात ५४० वॅटची सहा पॅनेल, म्हणजे ३,२४० वॅट आहेत. किमतीला पॅनेलच्या एकूण वॅटने भागले असता पहिल्याचा दर वॅटला सुमारे साडेसाठ रुपये आणि दुसऱ्याचा अठ्ठावन्न रुपये चौसष्ट पैसे पडतो. स्वस्त दिसणारा संच येथे महाग ठरतो. शिवाय अनुदानासाठी पॅनेलची एकूण क्षमता आणि इन्व्हर्टरची क्षमता यांपैकी जी कमी असेल ती धरली जात असल्याने पहिल्या संचाला पूर्ण ७८,००० रुपये मिळत नाहीत, ते वेगळेच.

वीज पॅनेलपासून तयार होते. इन्व्हर्टर तिचे घरात चालणाऱ्या प्रवाहात रूपांतर करतो. महाराष्ट्रात एका किलोवॅटच्या पॅनेलपासून दिवसाला सरासरी चार युनिट, वर्षाला सुमारे १,४०० युनिट वीज मिळते असे ढोबळमानाने धरता येते. या हिशेबाने पहिला संच वर्षाला सुमारे ३,८०० आणि दुसरा ४,५०० युनिट देईल. कोकणात पावसाळ्याचे चार महिने हा आकडा बराच खाली येतो. विदर्भात ऊन भरपूर असले तरी पॅनेलवर छापलेली क्षमता २५ अंश तापमानाची असते. पॅनेल ६० अंशांपर्यंत तापले की त्याची शक्ती दहा-बारा टक्क्यांनी घटते. 'दिवसाला सहा युनिटची हमी' असे कोणी सांगू लागल्यास ती वर्षाच्या सरासरीत लेखी मागावी.

पॅनेलच्या नावापुढे 'किंवा समतुल्य' असे दोन शब्द असतील, तर त्या ओळीला अर्थ उरत नाही. उत्पादक, मॉडेल आणि वॅट ही तिन्ही स्पष्ट हवीत. योजनेच्या अनुदानासाठी सेल आणि पॅनेल दोन्ही भारतात तयार झालेली असणे आवश्यक आहे. बाहेरच्या सेलची पॅनेल थोडी स्वस्त पडतात, पण ती घेतल्यास अनुदान हातचे जाते.

किती मोठा संच घ्यावा?

अनुदान तीन किलोवॅटपर्यंत वाढत जाते म्हणून प्रत्येकाने तीन किलोवॅटच घ्यावा, असा आग्रह बरेच विक्रेते धरतात. तो प्रत्येक घराला लागू पडत नाही. घरगुती वीजदर टप्प्याटप्प्याने चढत जातो. पहिली शंभर युनिट स्वस्त, त्यापुढची तीनशेपर्यंतची महाग आणि त्याहून पुढची आणखी महाग. सौर संचातून आलेली वीज बिलातून वजा होते, तेव्हा आधी वरच्या टप्प्यातील महाग युनिट वाचतात. म्हणजे पहिल्या किलोवॅटपासून होणारी बचत सर्वांत मोठी आणि शेवटच्या किलोवॅटची सर्वांत लहान. महिन्याला दीडशे युनिट वापरणाऱ्या कुटुंबाने तीन किलोवॅटचा संच घेतला, तर बरीच वीज शिल्लक पडते. ती पुढील महिन्यांत वळती होते हे खरे. परंतु आर्थिक वर्षाच्या अखेरीस उरलेली युनिट वीज कंपनी ज्या दराने विकत घेते, तो दर ग्राहक देत असलेल्या दराच्या मानाने बराच कमी असतो. घरात वातानुकूलन यंत्र किंवा विजेवर चालणारी दुचाकी येणार असेल तर गोष्ट निराळी. मागील बारा महिन्यांची बिले न मागता संचाचा आकार सांगणाऱ्या विक्रेत्याने कशाचा हिशेब केला, हा प्रश्न त्यालाच विचारावा.

दरपत्रकात न लिहिलेले

सांगलीच्या उदाहरणातील दुसऱ्या विक्रेत्याला काही गोष्टी विचारल्या असता असे निघाले की, त्याच्या १,९०,००० रुपयांत अर्थिंग धरलेले नाही, तडितवाहक नाही, नेट मीटरचे शुल्क नाही आणि केबल केवळ वीस मीटर आहे. गच्चीपासून तळमजल्यावरील मीटरपर्यंतचे अंतर त्याहून अधिक आहे. हे सर्व मिळून १४,००० रुपये वाढले आणि किंमत २,०४,००० रुपये झाली. तिसऱ्याच्या २,१०,००० रुपयांत ही सर्व कामे आहेत. पॅनेलही तेवढीच, ३,२४० वॅटची. शिवाय त्याचा सांगाडा माणूस ताठ उभा राहील इतका उंच असल्याने खालची गच्ची वाळवणाला, कपड्यांना मोकळी राहते. आरंभी अठ्ठावन्न हजारांचे दिसलेले अंतर उलट दिशेने सहा हजारांवर आले. आता निवड खरोखर करता येईल.

अर्थिंगवर काटकसर करू नये. पॅनेलची बाजू, इन्व्हर्टरनंतरची बाजू आणि तडितवाहक यांचे तीन वेगळे अर्थिंग असावेत. सांगाड्याबाबतही तेच. तो पूर्ण जस्तलेपित आहे की रंग मारलेल्या साध्या लोखंडाचा, किती वेगाच्या वाऱ्याला टिकेल असा आखला आहे, हे लिहून घ्यावे. ३ जून २०२० रोजी 'निसर्ग' चक्रीवादळाने रायगड जिल्ह्यात घरांचे पत्रे कसे उडवले, हे ज्यांनी पाहिले त्यांना वाऱ्याची ताकद वेगळी सांगायला नको. किनारपट्टीच्या खाऱ्या हवेत नटबोल्टसुद्धा गंज न चढणारे हवेत. सांगाडा स्लॅबला भोके पाडून बसविणार की काँक्रीटच्या ठोकळ्यांवर, आणि भोके पाडल्यास जलरोधनाची जबाबदारी कोणाची, हा प्रश्न पहिल्या पावसाळ्यानंतर विचारण्यात अर्थ नसतो.

सावलीचा प्रश्न याहून अवघड आहे, कारण ती ऋतूप्रमाणे सरकते. सांगलीच्या अक्षांशावर जूनमध्ये दुपारचा सूर्य डोक्यावरून किंचित उत्तरेकडे असतो. डिसेंबरमध्ये तोच दक्षिणेकडे झुकून क्षितिजापासून केवळ पन्नास अंशांवर येतो. दोन मीटर उंचीच्या जिन्याच्या खोलीची सावली तेव्हा भर दुपारीही उत्तरेला दीड मीटरहून लांब पडते, सकाळ-संध्याकाळी तर कितीतरी अधिक. पॅनेल एकामागे एक जोडलेली असल्याने एकावर पडलेली सावली साऱ्या रांगेची निर्मिती खाली ओढू शकते. मे महिन्यात गच्ची पाहून गेलेल्या विक्रेत्याला ही सावली दिसलेली नसते. जो गच्चीवर चढलाच नाही, फोनवर मोजमाप विचारून दरपत्रक पाठवतो, त्याच्या आकड्यांना फार महत्त्व देऊ नये. पाण्याची टाकी, शेजाऱ्याचे नारळाचे झाड, दक्षिणेला होऊ घातलेला मजला यांची नोंद त्याच्या नकाशात दिसली पाहिजे.

परताव्याचे गणित

दरपत्रकासोबत बहुधा एक तक्ता येतो आणि दोन वर्षांत पैसे वसूल होतात असे त्यात दाखविलेले असते. असा तक्ता कोणत्या गृहीतावर बेतला आहे, ते पाहावे. पुष्कळदा सर्वांत वरच्या टप्प्याचा दर सर्व युनिटना लावलेला असतो आणि दरवर्षी वीजदरात मोठी वाढ धरलेली असते. दर वीज नियामक आयोग ठरवतो. पुढील पंचवीस वर्षांचा अंदाज विक्रेत्याने छापण्यात अर्थ नाही. वरील घराचा साधा हिशेब असा : २,०४,००० रुपयांतून ७८,००० रुपये अनुदान वजा जाता १,२६,००० रुपये उरतात. वाचलेल्या ४,२०० युनिटची सरासरी किंमत नऊ रुपये धरली, तर वर्षाची बचत ३७,८०० रुपये, म्हणजे सुमारे तीन वर्षे चार महिन्यांत रक्कम भरून येते. स्थिर आकार मात्र संच बसविल्यावरही द्यावाच लागतो, हे विसरून बिल शून्य होईल अशी आशा बाळगू नये.

पॅनेलच्या निर्मितीची हमी बहुधा पंचवीस वर्षांची असते, परंतु इन्व्हर्टरची हमी पाच ते दहा वर्षांची. पंचवीस वर्षांत तो एकदा तरी बदलावा लागेल, असे समजून खर्चाची तरतूद ठेवावी. बिघडलेले पॅनेल उतरवण्याची मजुरी व वाहतूक हमीत आहे का, हेही विचारावे. योजनेत नोंदणीकृत विक्रेत्यावर पाच वर्षांच्या देखभालीची जबाबदारी आहे. पण देखभाल म्हणजे नेमके काय, वर्षातून किती फेऱ्या, तक्रारीनंतर किती दिवसांत माणूस येणार, हे दरपत्रकात लिहिलेले क्वचितच आढळते. सांगली-कोल्हापूरच्या पट्ट्यात गळीत हंगामात साखर कारखान्यांच्या चिमण्यांतून उडणारी राख पॅनेलवर बसते. ती धुण्यासाठी गच्चीवर नळ आणि पॅनेलच्या रांगांमध्ये पाय ठेवण्याइतकी वाट लागते. ही वाट आराखड्यातच सोडावी लागते.

एक गैरसमज तर विक्रेते मुद्दाम दूर करीत नाहीत. नेट मीटरवर चालणारा साधा संच, वीज कंपनीचा पुरवठा खंडित होताच भर उन्हातही बंद पडतो. तारांवर काम करणाऱ्या कर्मचाऱ्याला धक्का बसू नये म्हणून इन्व्हर्टरमध्ये तशी योजनाच असते. भारनियमनात घर उजळावे अशी अपेक्षा असेल, तर बॅटरीसह येणारा, बराच महाग संच घ्यावा लागेल.

रक्कम एकदम देऊ नये. मागणीच्या वेळी थोडी, साहित्य गच्चीवर आल्यावर मोठा भाग आणि नेट मीटर बसून संच सुरू झाल्यावर उरलेली, असे टप्पे करारात लिहून घ्यावेत. राष्ट्रीय पोर्टलवरील अर्जात विक्रेत्याचा नव्हे, घरमालकाचा स्वतःचा मोबाईल क्रमांक असावा, कारण अनुदानाची सारी सूचना त्यावरच येते. साहित्य आले की प्रत्येक पॅनेलच्या मागील बाजूचा अनुक्रमांक उतरवून घ्यावा, तो दरपत्रकातील मॉडेलशी ताडून पाहावा आणि पॅनेल सांगाड्यावर चढण्यापूर्वी त्यांची छायाचित्रे काढून ठेवावीत. एकदा ती बोल्टने बसली की मागची पाटी वाचणे अवघड होते.