हिऱ्याचा भाव मोबाइलवर, भरवसा कुणावर?

लग्नाची खरेदी म्हटली की आपल्या घरांत आजही पहिला हिशेब सोन्याचा होतो. ग्रॅम किती, आजचा भाव काय, घडणावळ किती, हे दादी-नानीपासून सगळ्यांना तोंडपाठ असते. अलीकडे मात्र मुलींच्या पसंतीत हिऱ्याची अंगठी आणि हिऱ्याचे कानातले आले आहेत, आणि तिथे सगळे घर गोंधळते. सराफाने सांगितलेल्या किमतीच्या निम्म्याहून कमी किमतीत तेवढाच हिरा मोबाइलवर दिसतो. मग घरात वाद सुरू होतो : सराफ लुबाडतो आहे की मोबाइलवाला फसवतो आहे?

बहुतेक वेळा दोन वेगळ्या वस्तूंची तुलना चाललेली असते. ती कशी, हे समजून घेण्यासाठी हिऱ्याचा बाजार आधी थोडा पाहायला हवा.

सोलापूरपर्यंत हिरा कसा येतो?

आपले सोलापूर चादरीचे आणि टॉवेलचे. हिऱ्याचा बाजार मुंबईचा. इथल्या सराफाकडे सुट्या हिऱ्यांचा मोठा साठा सहसा नसतो. गिऱ्हाइकाची मागणी आली की मुंबईच्या घाऊक व्यापाऱ्याकडून माल मागवायचा, नाहीतर रात्री सिद्धेश्वर एक्स्प्रेसने निघून सकाळी मुंबई गाठायची, ही जुनी रीत.

मुंबईत हा धंदा आधी झवेरी बाजारात, मग ऑपेरा हाउसच्या पंचरत्न इमारतीत आणि आसपास वाढला. २०१० साली वांद्रे-कुर्ला संकुलात भारत डायमंड बोर्स सुरू झाले आणि बहुतेक मोठ्या पेढ्या तिकडे गेल्या. पैलू पाडण्याचे काम मुख्यतः सुरतेत होते. जगातल्या दर दहा हिऱ्यांपैकी नऊ हिऱ्यांना भारतात पैलू पडतात, असे मानले जाते. सुरतेतही १७ डिसेंबर २०२३ रोजी स्वतःचे भव्य डायमंड बोर्स उघडले.

या धंद्याचा कणा म्हणजे जांगड. व्यापारी हिऱ्यांची पुडी दलालाच्या किंवा दुसऱ्या व्यापाऱ्याच्या हाती देतो आणि सोबत एक चिठ्ठी लिहितो. माल विकला तर पैसे द्यायचे, नाहीतर माल परत. तोवर मालकी देणाऱ्याचीच. लाखो रुपयांची अमानत एका चिठ्ठीवर फिरते. शब्द मोडणाऱ्याला बाजारात पुन्हा कोणी उभे करत नाही.

भाव उघडा झाला

घाऊक व्यापाऱ्याची जुनी ताकद दोन गोष्टींत होती. त्याला मालाची पारख होती आणि भाव त्यालाच माहीत होता. या दोन्ही गोष्टी हळूहळू बाहेर आल्या.

अमेरिकेतल्या जीआयए या संस्थेने हिऱ्याची प्रत चार कसोट्यांवर ठरवण्याची पद्धत रूढ केली : वजन, रंग, स्वच्छता आणि पैलूंची घडण. प्रमाणपत्राचा क्रमांक हिऱ्याच्या कडेवर लेसरने कोरता येऊ लागला. १९७८ पासून न्यूयॉर्कच्या रॅपापोर्ट यांची भावाची यादी निघू लागली आणि जगभरचे व्यापारी तिच्या आधाराने सौदे करू लागले. पुढे १९९९ मध्ये अमेरिकेत ब्लू नाइल ही कंपनी इंटरनेटवर हिरे विकू लागली. तिची युक्ती साधी होती. पडद्यावर हजारो हिरे दाखवायचे, पण त्यातले बहुतेक स्वतः विकत घेऊन ठेवायचे नाहीत. ते पुरवठादारांच्याच तिजोरीत राहतात. गिऱ्हाइकाने पैसे भरले की हिरा तिथून मागवायचा.

दुकानाचे भाडे नाही, मालात पैसा अडकलेला नाही, म्हणून नफा थोडा ठेवला तरी चालतो. ज्या मोठ्या पेढ्यांचा माल अशा याद्यांवर चढतो, त्यांना यात फायदा झाला. सुरतेत घडलेला हिरा थेट परदेशी गिऱ्हाइकाच्या पडद्यावर जाऊ लागला. मधल्या साखळीतला छोटा घाऊक व्यापारी आणि दलाल मात्र अडचणीत आला. गिऱ्हाईक आणि सराफ दोघेही त्याला मोबाइलवरचा भाव दाखवू लागले.

प्रयोगशाळेतला हिरा

दुसरा धक्का याहून मोठा आहे. १९५४ साली अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीत पहिल्यांदा खात्रीशीरपणे कृत्रिम हिरा तयार झाला. आता दागिन्यांच्या प्रतीचे हिरे यंत्रात काही आठवड्यांत वाढवता येतात. हे काचेचे किंवा अमेरिकन डायमंडचे खडे नव्हेत. खाणीतल्या हिऱ्याप्रमाणे तोही कार्बनच, तितकाच कठीण आणि तितकाच चमकदार. नुसत्या डोळ्यांना, अगदी भिंगातूनही फरक सांगता येत नाही. त्यासाठी यंत्र लागते. जून २०२३ मध्ये आपल्या पंतप्रधानांनी अमेरिकेच्या अध्यक्षांच्या पत्नीला दिलेला साडेसात कॅरेटचा हिरा असाच प्रयोगशाळेतला होता.

फरक आहे तो किमतीत. खाणीतून निघणारा माल मर्यादित असतो, यंत्रे मात्र वाढवता येतात. त्यामुळे या हिऱ्याचा भाव सतत उतरत गेला. डी बिअर्स या बड्या कंपनीने २०१८ मध्ये असे हिरे ८०० डॉलर कॅरेटने विकायला काढले. २०२५ मध्ये तिने तो ब्रँडच बंद करण्याचे जाहीर केले.

मोबाइलवर निम्म्याहून कमी किमतीत दिसणारा हिरा बहुधा हाच असतो. तो घेण्यात काही गैर नाही. पण काय घेतो आहोत, हे माहीत असले पाहिजे.

व्यापाऱ्याकडे काय उरले?

भावाची माहिती आता सर्वांकडे आहे. उरली ती जबाबदारी. बांगडीत किंवा कानातल्यात बारीक बारीक पन्नास हिरे असतात. एवढ्या लहान खड्यांचे एकेकाचे प्रमाणपत्र कोणी काढत नाही, कारण तो खर्चच परवडत नाही. एका रंगाचे, एका आकाराचे खडे जुळवणे आणि त्यात प्रयोगशाळेतला माल मिसळलेला नाही याची यंत्रावर तपासणी करून देणे, हे काम घाऊक व्यापाऱ्याचे. खडा निखळला, अंगठी सैल झाली, दागिना मोडायचा झाला, तर ओळखीचा माणूस समोर असतो. परदेशातून मागवलेल्या हिऱ्यावर सीमाशुल्क आणि जीएसटी लागतो, परत पाठवणे त्रासाचे असते आणि तिथल्या विक्रेत्याविरुद्ध दाद मागणे त्याहून कठीण.

पण ‘आमच्यावर भरवसा ठेवा’ एवढे म्हणून आता भागणार नाही. जो व्यापारी आपला शब्द पावतीवर लिहून देईल, तोच टिकेल. मालातला ऐब झाकून विकायला आपल्या दीनने मना केले आहे. ती तंबी विकणाऱ्यांनी लक्षात ठेवावी. घेणाऱ्यांनीही दुकानात तास-दोन तास माल पाहून, सगळी माहिती विचारून, मग चार पैशांसाठी मोबाइलवर ऑर्डर देण्याआधी थोडा विचार करावा.

मेहर आणि जकात

मेहर हा मुलीचा हक्क. त्यात हिऱ्याचा दागिना द्यायचा ठरला, तर निकाहनाम्यात नुसते ‘हिऱ्याची अंगठी’ लिहू नये. खाणीतला की प्रयोगशाळेतला, वजन किती, प्रमाणपत्राचा क्रमांक काय, सोने किती ग्रॅम आणि किती कॅरेटचे, हे सगळे लिहावे. या दोन हिऱ्यांच्या किमतीत इतके अंतर आहे की एका शब्दाच्या मोघमपणाने मुलीचे मोठे नुकसान होऊ शकते. अडीअडचणीला कामी यावे म्हणून काही द्यायचे असेल, तर सोनेच बरे. सोने त्या दिवसाच्या भावाने विकले जाते. खाणीतला हिरासुद्धा विकताना खरेदीपेक्षा बराच कमी पैसा देतो, आणि प्रयोगशाळेतल्याला तर परत घेणारा मिळणेच अवघड.

जकातीचेही बघा. हनफी मसलकानुसार वापरातल्या हिऱ्यावर जकात नाही. तो ज्या सोन्यात बसवला आहे, त्या सोन्याचा हिशेब मात्र निसाबमध्ये धरावा लागतो. व्यापाऱ्याच्या विक्रीच्या मालावर जकात आहे, आणि ती हिशेबाच्या दिवशीच्या बाजारभावाने.

खरेदीपूर्वी एवढे करा

• सोन्याचा कॅरेट म्हणजे शुद्धता, हिऱ्याचा कॅरेट म्हणजे वजन. एक कॅरेट म्हणजे २०० मिलिग्रॅम, आणि त्याचे १०० सेंट. ३० सेंटचा हिरा फक्त ६० मिलिग्रॅमचा.

• हॉलमार्क आणि सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी क्रमांक सोन्याची शुद्धता सांगतो, हिऱ्याची नाही. हिऱ्याचे प्रमाणपत्र वेगळे मागा आणि त्याचा क्रमांक संबंधित संस्थेच्या संकेतस्थळावर पडताळा.

• पावतीवर सोने, हिरे आणि घडणावळ यांची किंमत वेगवेगळी लिहून घ्या.

• दागिना परत घेणार का आणि किती कापून, हे लेखी घ्या.

• ऑनलाइन घेतल्यास पार्सल उघडताना व्हिडिओ काढा. तक्रार असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.

ही पावती आणि प्रमाणपत्र दागिन्याच्या डबीत ठेवू नका. डबी गेली तर कागदही जातील. दोन्हींच्या नकला काढून एक निकाहनाम्याबरोबर ठेवा, आणि एक मुलीच्या हाती द्या.