पैसे होते, पण कुठे होते?

साठेखत होतं, विसाराची रक्कम दिली जाते, उरलेले पैसे सहा महिन्यांत देऊन खरेदीखत करायचं ठरतं. मग जमिनीच्या शेजारून रिंगरोड जाणार अशी कुणकुण लागते आणि विकणाऱ्याचं मन फिरतं. तो फोन उचलेनासा होतो. खरेदीदार वकील गाठतो, करारपूर्तीचा दावा लावतो आणि त्याला वाटतं, आता शब्द फिरवणाऱ्याची झाडाझडती होणार. प्रत्यक्षात साक्षीदाराच्या पिंजऱ्यात आधी उभं राहावं लागतं ते त्यालाच. ‘तुमच्याकडे पैसे होते का?’ हा प्रश्न त्याला तिथे पहिल्यांदा गंभीरपणे विचारला जातो, आणि अनेक दावे तिथेच ढासळतात.

1963 च्या स्पेसिफिक रिलीफ अ‍ॅक्टच्या कलम 16(सी) मध्ये या प्रश्नाचं मूळ आहे. करारातली आपल्या वाट्याची महत्त्वाची कलमं आपण पाळली, किंवा पाळायला सदैव तयार आणि राजी होतो, हे जो सिद्ध करू शकत नाही त्याला करारपूर्तीचा हुकूमनामा मिळत नाही. इथला ‘सदैव’ हा शब्द वजनदार आहे. साठेखताच्या तारखेपासून दाव्याचा निकाल लागेपर्यंतचा सगळा काळ त्यात येतो. तेव्हा समोरच्याने करार मोडला एवढं दाखवलं की दावा जिंकला, हा समज पहिल्याच पायरीवर निकालात निघतो. विकणारा कितीही लबाड ठरला, तरी त्याच्या लबाडीने खरेदीदाराची तयारी सिद्ध होत नाही. प्रतिवादीने कैफियतीत हा मुद्दा नीट घेतलेला नसला, तरी कोर्टाला तो तपासावाच लागतो. मधल्या काळात तीच मिळकत दुसऱ्या कोणी विकत घेतली असेल, तर तो नवा खरेदीदारही ‘पहिल्याची तयारी नव्हती’ असा बचाव घेऊ शकतो. सर्वोच्च न्यायालयाने 2000 सालीच हे स्पष्ट केलं आहे.

2018 च्या दुरुस्तीने आणखी एक गैरसमज जन्माला घातला. त्या वर्षी 1 ऑक्टोबरपासून कायदा बराच बदलला. पूर्वी करारपूर्तीचा आदेश देणं न देणं बऱ्याच अंशी न्यायाधीशांच्या विवेकावर होतं. आता कायद्यातल्या अपवादांत न बसणाऱ्या प्रकरणात तो द्यावाच लागतो. कलम 16(सी) मधून ‘दाव्यात तसं कथन केलं पाहिजे’ हा भागही गळला. त्यावरून काहींनी अर्थ काढला की तयारीची भानगडच संपली. संपली ती कथनाची सक्ती. सिद्ध करण्याची सक्ती जशीच्या तशी आहे. शिवाय जी गोष्ट दाव्यात म्हटलेलीच नाही, तिचा पुरावा देताना वादीची पंचाईत होतेच. त्यामुळे जाणते वकील आजही ते वाक्य वादपत्रात घालतात.

आता पैशांकडे. इथे एकमेकांच्या अगदी उलट असे दोन समज सुखाने नांदतात.

पहिला: दावा लावताना उरलेली सगळी रक्कम कोर्टात भरावीच लागते. तसं नाही. त्याच कलमाच्या स्पष्टीकरणात लिहिलं आहे की, कोर्टाने आदेश दिल्याखेरीज रक्कम समोरच्याला प्रत्यक्ष देऊ करणं किंवा कोर्टात भरणं आवश्यक नाही. हा विचार कायद्याहूनही जुना आहे. प्रिव्ही कौन्सिलची भारतावरची सत्ता संपत आली होती, त्या दिवसांत मुंबईहून लंडनला गेलेल्या ‘बँक ऑफ इंडिया विरुद्ध चिनॉय’ या खटल्यात कौन्सिलने म्हटलं होतं की, तयारी दाखवायला नोटांची थप्पी टेबलावर मांडावी लागत नाही. पैशाची पक्की तजवीज पूर्ण झाल्याचा दाखलाही लागत नाही. आजही प्रत्येक खरेदीदाराचा वकील हा निवाडा खिशात घेऊन फिरतो.

दुसरा समज त्याच्या पोटातून निघतो: म्हणजे ‘मी तयार होतो’ असं शपथेवर सांगितलं की झालं. तमिळनाडूतल्या एका प्रकरणात 2022 साली सर्वोच्च न्यायालयाने हा भ्रम दूर केला. खरेदीदाराने आगाऊ दिले होते दहा हजारांच्या आसपास, आणि बाकी होती सुमारे 15 लाखांची. उच्च न्यायालयापर्यंत निकाल त्याच्या बाजूने होता. दिल्लीत मात्र विचारलं गेलं की मुदतीच्या दिवसापर्यंत हे 15 लाख उभे करण्याची ऐपत कुठल्या कागदावरून दिसते? समाधानकारक उत्तर नव्हतं, आणि हातातला हुकूमनामा गेला. पुढे कधी तरी पैसे आले किंवा कोर्टात भरले, एवढ्यावरून मागच्या काळातली तयारी आपोआप ठरत नाही.

दिवाणी कोर्टातली उलटतपासणी जवळून पाहिली की हा मुद्दा चांगला कळतो. प्रतिवादीचा वकील आवाज चढवत नाही. मुदत कुठल्या तारखेला संपली, त्या दिवशी तुमच्या खात्यात किती रुपये होते, असं विचारतो. ‘भावाकडून घेणार होतो.’ भावाला साक्षीला आणणार का? ‘कर्ज मंजूर झालं होतं.’ मंजुरीचं पत्र दाखल केलं आहे का? ‘गावची शेती विकणार होतो.’ तिचं साठेखत, निदान सातबारा? ‘मुदतठेवी होत्या.’ पावत्या? प्रत्येक प्रश्नानंतर न्यायाधीश टंकलेखकाला एक ओळ सांगतात, ‘हे म्हणणे खरे आहे की, मी त्याबाबत कोणताही कागद दाखल केलेला नाही.’ अशा चार ओळी झाल्या की वादीच्या वकिलाला पुढे काय युक्तिवाद करायचा हा प्रश्न पडतो.

गंमत अशी की भाऊ पैसे देणार होता हे उत्तर मुळात वाईट नाही. खरेदीदाराने स्वतःच्याच पैशाने घेतलं पाहिजे असं कायदा कुठेही म्हणत नाही. बँकेचं कर्ज, नातेवाइकांची मदत, दुसरी मिळकत विकून येणारे पैसे, सगळं चालतं. फक्त ते सांगण्यापुरतं असून भागत नाही.

पण पासबुक नाही म्हणजे दावा गेला, असंही समजू नये. कर्नाटकातल्या एका प्रकरणात उच्च न्यायालयाने, पासबुक वा बँकेचे हिशेब दाखल नाहीत म्हणून तयारी नव्हती असं ठरवलं होतं. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2023 मध्ये ते फिरवलं. पासबुक आणा असं वादीला ना प्रतिवादीने सांगितलं होतं, ना कोर्टाने. मग ते आणलं नाही याचा दोष त्याच्या माथी कसा मारता येईल? न्याय्य बोलणं आहे. तरीही या निवाड्यावर विसंबून स्टेटमेंट घरी ठेवणं हा धाडसी खेळ आहे.

‘घरात रोकड होती’ हे उत्तर तर आता महागात पडतं. स्थावर मिळकतीच्या व्यवहारात 20 हजार किंवा त्याहून जास्त आगाऊ रक्कम रोखीने घेण्याला आयकर कायद्याने 2015 पासूनच मनाई केली आहे. एप्रिल 2025 मध्ये बंगळूरच्या एका शिक्षणसंस्थेच्या जमिनीचा वाद सर्वोच्च न्यायालयात आला. त्यात करारापोटी 75 लाख रुपये रोख दिल्याचं म्हणणं होतं. न्यायालयाने आदेश दिला की दाव्यात दोन लाख किंवा त्याहून अधिक रोख दिल्याचं कोणी म्हटलं, तर ते कोर्टाने आयकर खात्याला कळवावं.

इथवर झालं ऐपतीचं. राजी असणं ही वेगळी परीक्षा आहे आणि तिथे श्रीमंतही नापास होतात. दिल्लीतल्या एका घराच्या 1971 च्या करारात 30 हजार विसार दिला होता आणि 98 हजार रुपये दहा दिवसांत द्यायचे होते. खरेदीदार बाईंनी आधी ताब्याचा आग्रह धरला, पैसे नंतर. करारातला क्रम तसा नव्हता. 1992 मध्ये पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने त्यांचं अपील फेटाळलं. करारात नसलेली अट पुढे करून पैसे अडवणारा माणूस राजी मानला जात नाही. उलट, करारानुसार आधीचं काम विकणाऱ्याचं असेल, समजा वर्ग दोनच्या जमिनीला जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी त्याने आणायची असेल, आणि ती त्याने आणलीच नसेल, तर तोवर पैसे दिले नाहीत म्हणून खरेदीदाराला दोष देता येत नाही.

‘तीन वर्षांची मुदत आहे, घाई काय?’ हे वाक्य पक्षकारांइतकंच काही वकिलांच्याही तोंडी असतं. दाव्याची मुदत तीन वर्षं आहे हे खरं. करारात तारीख असेल तर त्या तारखेपासून, नसेल तर नकार कळल्यापासून. पण मदुराईच्या एका घराचा व्यवहार पाहावा. करार डिसेंबर 1978 चा, किंमत 60 हजार, विसार पाच हजार, मुदत सहा महिने. खरेदीदाराची पहिली नोटीस गेली जुलै 1981 मध्ये. दावा मुदतीत होता, तरी सर्वोच्च न्यायालयाने 1997 साली तो नाकारला. शहरातले भाव भराभर चढत असताना अडीच वर्षं गप्प बसणं हे राजी असल्याचं लक्षण नव्हे, असं न्यायालयाला वाटलं.

म्हणून मुदत संपण्याआधी वकिली नोटीस पाठवणं, खरेदीखताचा मसुदा आणि मुद्रांकाची तयारी ठेवणं, ठरल्या दिवशी दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात हजर राहून तसा पुरावा जपणं, या गोष्टी कटकटीच्या वाटल्या तरी पुढे त्याच बोलतात.

परदेशी असलेल्यांसाठी एक इशारा. कुलमुखत्यारपत्र दिलेला मित्र साक्षीला उभा राहील, हे गृहीत धरू नये. मनाची तयारी ही ज्याची त्यालाच ठाऊक, म्हणून सर्वसाधारणपणे खरेदीदारानेच साक्ष द्यावी, असं सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्ये सांगितलं. सवलत आहे ती सगळा कारभार एकहाती पाहणाऱ्या मुखत्यारासाठी. त्या निकालात दिलेल्या उदाहरणांत परदेशातल्या मुलाचे व्यवहार सांभाळणारे आईवडीलही आहेत.

दावा हरला तर निदान विसार तरी परत मिळेल, या भरवशावरही बसू नये. कलम 22 प्रमाणे परताव्याची मागणी दाव्यात स्वतंत्रपणे करावी लागते. राहून गेली असेल तर दुरुस्ती करून घालता येते, पण न मागता मिळत नाही.

आणि जिंकल्यावरही खिसा रिकामा असून चालत नाही. मुंबईतल्या एका फ्लॅटचा करार 1966 चा होता, किंमत 60 हजार, त्यातले 35 हजार खरेदीदार बाईंनी दिलेले. सर्वोच्च न्यायालयाने 2002 मध्ये त्यांच्या बाजूने निकाल दिला, तो 40 लाख रुपये भरण्याच्या अटीवर. हुकूमनाम्यात दिलेल्या मुदतीत रक्कम भरली नाही, तर कलम 28 खाली विकणारा करारच रद्द करून मागू शकतो. मुदत वाढवून मिळू शकते, पण त्यासाठी अर्ज करावा लागतो आणि उशीर का झाला हे न्यायाधीशांना पटवावं लागतं.