टायर रबराचे, तरी झटका!

पाऊस लागला की आमच्या ग्रुपवर एकच मेसेज फिरतो, 'भोर की वेल्हे?' मागच्या ऑगस्टमध्ये भाटघरच्या बॅकवॉटरला गेलो, तेही भाड्याच्या कॅम्परव्हॅनने. राज्य सरकारचं कॅरव्हान पर्यटन धोरण २०२१ मध्ये आलं, आता ही क्रेझ आमच्यापर्यंत पोहोचलीय.

मुक्कामाच्या जागी मामांनी शेडमधून वायर ओढून दिली. फ्रीज सुरू, मोबाइल चार्जिंगला. रात्री मित्र चिखलात अनवाणी उभा होता. दाराची कडी धरली आणि ओरडलाच. मामा म्हणाले, "ओल हाय, झिणझिणतंय जरा. काय नाय होत."

होतं! परत आल्यावर ओळखीच्या वायरमन काकांनी समजावलं. गाडी रबरी टायरवर, म्हणजे तिचा पत्रा जमिनीपासून वेगळा. आत फेजची वायर सोलून पत्र्याला टेकली, तर अख्ख्या बॉडीत २३० व्होल्ट येतात. अर्थिंग असेल तर करंट त्या वाटेने जातो आणि सप्लाय तुटतो. नसेल तर ओल्या जमिनीवर उभं राहून दाराला हात लावणारा माणूसच त्याची वाट बनतो. आत बसलेल्यांना काहीच जाणवत नाही. धोका चढता-उतरताना असतो, आणि भोर-वेल्ह्यात पावसाळ्यात जमीन सुकतेच कुठे?

"एमसीबी आहे ना?" मी विचारलं. काका हसले. एमसीबी वायर वाचवते. १६ अँपिअरची एमसीबी १०० मिलिअँपिअरला ढिम्म हलत नाही, पण तेवढा करंट छातीतून गेला तर जीव जाऊ शकतो.

निघण्याआधी हे बघा
- प्लग आणि सॉकेट तीन पिनांचेच. टू-पिन जुगाड नको.
- ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी हवाच. त्याचं टेस्ट बटण दाबून तो पडतो का बघा.
- सप्लाय जोडल्यावर चप्पल-बूट घालून पत्र्याला टेस्टर लावा. दिवा लागला तर मेन स्विच बंद. नाही लागला म्हणजे अर्थिंग आहेच, असं मात्र नाही.
- एक्स्टेन्शनचा जोड गवतात, पाण्यात नको.
- कुणी चिकटलं तर हात लावू नका. आधी मेन बंद.

त्या रात्री सप्लाय काढून आम्ही टॉर्चवर जेवलो. सकाळी मामांनीच प्लग दाखवला. सॉकेटमध्ये बसत नाही म्हणून कुणीतरी अर्थची जाड पिन तोडून टाकली होती.

बुकिंग करताना आम्ही विचारायचो, "रेंज येते का?" आता आधी विचारतो, "अर्थिंग आहे का?"