मुरगळणे, उसण आणि घरगुती उपचार

बारामती व इंदापूर या तालुक्यांच्या बागायती भागात ऊसतोडीच्या हंगामात दोन दुखापतींचा प्रसंग वारंवार येतो. सरी-वरंब्यातून चालताना पाऊल आत वळून घोटा मुरगळतो. मोळी उचलून वाहनात चढविताना कमरेत उसण भरते. लोकभाषेने केलेला हा भेद शास्त्रदृष्ट्याही उपयुक्त होय. मुरगळण्यात हाडांना हाडांशी जोडणारे अस्थिबंध ताणले जातात अथवा फाटतात. उसणीत बहुधा स्नायूंवर ताण पडतो.

दोहोंवर आंबेहळद किंवा तुरटी-हळदीचा कढत लेप, निर्गुडीच्या पाल्याचा शेक व तेलाची मालिश हे उपचार रूढ आहेत. तथापि ताज्या मुरगळलेल्या घोट्यात लहान रक्तवाहिन्या फुटलेल्या असतात. त्यामुळे पहिले दोन-तीन दिवस शेक व मालिश यांनी सूज वाढण्याचा संभव असतो. त्या काळात पाय उंच ठेवणे व पट्टी बांधणे हितावह असते. मात्र बोटे बधिर अथवा निळी पडल्यास पट्टी सैल करावी. फडक्यात गुंडाळलेला बर्फ पंधरा-वीस मिनिटे ठेवल्यास वेदना कमी होते. १९७८ मध्ये अमेरिकेतील डॉ. गेब मिर्किन यांनी विश्रांती व बर्फ यांवर भर दिला होता. पुढे त्यांनीच या दोहोंच्या अतिरेकाने भरून येण्यास विलंब होऊ शकतो, असे मान्य केले. आज सोसेल तितकी हालचाल लवकर सुरू करणे इष्ट मानतात.

उसणीतही दीर्घकाळ अंथरुणास खिळून राहणे योग्य नव्हे. येथे मात्र शेकाने आराम पडतो. पायाळू व्यक्तीचा पाय पाठीस लावण्याची प्रथा टिकली, याचे एक कारण असे की बहुतेक उसण काही दिवसांत आपोआपच उतरते. परंतु पाय लुळा पडणे वा लघवी अडणे ही लक्षणे दिसल्यास तत्काळ रुग्णालय गाठावे.

खरा धोका मोडलेल्या हाडास मुरगळलेले समजण्यात आहे. कॅनडातील ओटावा येथे १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेला नियम प्रौढांच्या बाबतीत साधा आहे : लंगडतही चार पावले टाकता येत नसतील, अथवा घोट्याच्या उंचवट्याची मागील कड वा टोक, किंवा पावलाच्या मध्यभागी कडेचे हाड दाबताच दुखत असेल, तर क्ष-किरण तपासणी करावी.

जोडप्याने मिळून 'कोयता' म्हणून काम करणाऱ्या मजुरांत एकाचा खाडा दोघांच्याही मजुरीस बाधतो. म्हणूनच दुखणे अंगावर काढले जाते, आणि न ओळखलेला अस्थिभंग पुढील हंगामही हिरावून घेऊ शकतो. यास्तव घरगुती उपचाराची पहिली पायरी लेप ही नसून पारख ही होय.